मोटारीतील स्वरांची वाटणी

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर नवी मोटार दारी येते. तिला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत घरातील तरुण मंडळी तिला एखाद्या दुकानी नेऊन ‘म्युझिक सिस्टिम’ बसवून आणतात. दारांत साडेसहा इंची स्पीकर, काचेलगतच्या कोपऱ्यांत दोन चिमुकले ट्वीटर आणि डिकीत बारा इंची सबवूफरचे भले मोठे खोके, असा सरंजाम घेऊन मोटार परतते. पहिल्या दिवशी काचा थरथरतात, मधला आरसा हलतो आणि सर्वांना धन्य वाटते. तिसऱ्या दिवशी मागच्या आसनावरून आजी विचारतात, “गाणं कुठलं लागलंय रे?”

प्रश्न साधा असला तरी तो नेमका मर्मावर बोट ठेवतो. आवाज उदंड आहे, पण गाणे ऐकू येत नाही. शब्द बुडाले आहेत, तबल्यातील डग्गा तेवढा डिकीत जाऊन बसला आहे, आणि गायिकेचा आवाज कोणी घोंगडीखालून गात असल्यासारखा येतो आहे. मग मंडळी आवाज आणखी वाढवितात, आणि रोग अधिकच बळावतो.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही तक्रार केवळ हौशी लोकांची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. इंदूरहून पुण्याला लग्नाला निघालेले घर बराच काळ एका मोटारीत एकत्र बसते. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, गल्लीत हिंदी, मोबाइलवर आणखी काही, अशा दिनक्रमात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर सलग मराठी शब्द पडण्याचे जे थोडे प्रसंग उरले आहेत, त्यांत मानपूरचा घाट उतरताना लावलेल्या भावगीतांचा समावेश करावा लागेल. तेथेच शब्द ऐकू येत नसतील तर बारा इंची खोके घेऊन काय करायचे?

या दुखण्याचे कारण स्पीकरच्या किमतीत क्वचितच सापडते. बहुधा असे झालेले असते की, कोणत्या स्पीकरने कोणते स्वर वाजवावेत याची वाटणी कोणी केलेलीच नसते. या वाटणीला क्रॉसओव्हर म्हणतात. हा शब्द दुकानात ऐकू येतो, डेकच्या पडद्यावर दिसतो, ॲम्प्लिफायरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला असतो. परंतु त्याच्या वाटेस सहसा कोणी जात नाही. वस्तुतः ज्यांच्या घरी एखादी जुनी पेटी आहे आणि कानावर थोडेफार गाणे पडलेले आहे, त्यांना हा विषय समजण्यास मुळीच अडचण पडू नये.

नाद म्हणजे हवेचे कंपन, आणि एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या हर्ट्‌झ या एककात मोजतात. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्‌ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो. एक सप्तक वर चढले की ही संख्या दुप्पट होते, एक सप्तक उतरले की निम्मी. म्हणजे त्याच गायकाचा तार षड्‌ज २७७च्या जवळ, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९च्या जवळ. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा षड्‌ज २०८ ते २३३च्या घरात येतो. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्‌झच्या आगेमागे खेळतो. घुंगरांची आणि झांजांची किणकिण, तसेच ‘स’काराचा सीत्कार ही मंडळी काही हजारांच्या वर राहतात. माणसाचा निकोप कान २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. म्हणजे जवळजवळ दहा सप्तके. वयोमानाप्रमाणे वरचा मजला हळूहळू रिकामा होत जातो, ही गोष्ट वेगळी.

आता ही दहा सप्तके एकाच पडद्याकडून वाजवून घेणे का जमत नाही, ते पाहू. स्पीकरचा पडदा मागे-पुढे हलतो आणि हवा ढकलतो. आवाजाचा जोर तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणला, तर त्याच पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. १६० हर्ट्‌झला जो पडदा अर्धा मिलिमीटर हलत होता, त्याला ८०ला दोन मिलिमीटर आणि ४०ला आठ मिलिमीटर हलणे भाग पडते. दारातील साडेसहा इंची स्पीकरची एवढी झेप नसते. तो खडखडतो, त्याची कॉइल आपल्या जागेतून बाहेर ओढली जाते, आणि याच धडपडीत तो गायिकेचा आवाजही वाजवीत असल्यामुळे तो आवाज थरथरू लागतो. उलट, बारा इंची पडद्याकडून बारीक स्वर काढू गेल्यास ते टॉर्चच्या झोतासारखे अरुंद होऊन सरळ निघतात. झोतात बसलेल्यास ऐकू येतात, बाजूच्यास येत नाहीत. आणि एक इंची ट्वीटरला डग्गा वाजवायला सांगितले तर त्याची केसासारखी तार जळून जाते.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या लाकडी रेडिओत एकच स्पीकर असे आणि तो सुखाने गात असे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात ४-५ हजार हर्ट्‌झच्या वरचे स्वर फारसे नसतच, आणि खालच्या स्वरांच्या बाबतीत त्या रेडिओकडून कोणी काचा हलविण्याची अपेक्षा केली नव्हती. स्वरांची अशी विभागणी करण्याची विद्या मोठ्या सभागृहांच्या आणि बोलपटगृहांच्या गरजेतून वाढली. एप्रिल १९३३मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविला, तेव्हा खालच्या आणि वरच्या स्वरांसाठी वेगवेगळे स्पीकर योजलेले होते. वाद्यवृंदाचे प्रमुख स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाची सूत्रे हलवीत होते. आज तेच तत्त्व आपल्या मोटारीच्या दारात आणि डिकीत येऊन बसले आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे चाळण्या. एका चाळणीतून ठरावीक संख्येच्या वरचेच स्वर पुढे जातात. तिला हाय पास म्हणतात. दुसरीतून खालचेच जातात. ती लो पास. दारातील स्पीकरला हाय पास, सबवूफरला लो पास, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले. मात्र या चाळण्या रव्याच्या चाळणीसारख्या काटेकोर नसतात. ८० हर्ट्‌झचा हाय पास लावला म्हणजे ७९ला स्वर एकदम तुटला, असे होत नाही. तेथून घाट उतरावा तसा तो उतरत जातो. या उताराचे माप दर सप्तकाला इतके डेसिबल असे देतात. बाराचा उतार लावला तर एक सप्तक खाली, म्हणजे ४० हर्ट्‌झला, स्पीकरकडे सोळावा हिस्सा शक्ती पोहोचते. चोवीसचा लावला तर सुमारे अडीचशेवा. मोटारीच्या साहित्यात हेच दोन उतार प्रामुख्याने आढळतात. चोवीसच्या उताराची एक सुरेख रीत १९७६मध्ये लिंकविट्‌झ आणि रायली या दोन अभियंत्यांनी मांडली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात सीमेवरच्या स्वराचा दाब दोन्ही स्पीकर निम्मा निम्मा उचलतात आणि बेरीज पुरी होते. दोन भावांनी बांधावरचे आंब्याचे झाड समजुतीने राखावे, तसा हा प्रकार आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम डेकमधील बास, ट्रेबल, लाउडनेस, बास बूस्ट आणि ‘रॉक’, ‘पॉप’ अशी नावे असलेल्या सर्व मांडण्या शून्यावर आणाव्यात. हे न करता क्रॉसओव्हरला हात घालणे म्हणजे भिंगरीवर बसून दोरा ओवणे होय. दुसरी गोष्ट, चाळणी एकाच ठिकाणी लावावी. डेकमध्येही ८०चा लो पास आणि ॲम्प्लिफायरवरही ८०चा लो पास, अशी दुहेरी चाळण पुष्कळ गाड्यांत आढळते. त्यामुळे उतार दुप्पट होतो आणि दोन स्पीकरांच्या मध्ये खड्डा पडतो. डेकमध्ये सोय असेल तर तेथेच आकडा ठरवावा, कारण ॲम्प्लिफायरवरील फिरत्या बटणाभोवती छापलेले आकडे केवळ अंदाजाचे असतात. मग ॲम्प्लिफायरवरील चाळणीचा खटका बंद ठेवावा; तो बंद होत नसल्यास लो पासचे बटण शेवटपर्यंत वर आणि हाय पासचे शेवटपर्यंत खाली न्यावे.

यानंतर सबवूफर पूर्ण बंद करून फक्त दारांचे स्पीकर ऐकावेत. ज्यात तबला आणि तंबोरा स्वच्छ आहे असे नवे ध्वनिमुद्रण लावून, प्रवासात आपण जास्तीत जास्त जेवढा आवाज ठेवू तेवढा ठेवावा. दारातून फडफड, खडखड ऐकू येत असेल तर हाय पासचा आकडा थोडा थोडा वर न्यावा आणि जेथे ती थांबते तेथे थांबावे. सर्वसाधारण अनुभव असा की, साडेसहा इंची स्पीकरला ८०, सव्वापाच इंचीला १००, चार इंचीला १२० ते १५० हर्ट्‌झ मानवतात; मागच्या फळीवरील सहा-बाय-नऊचे लंबवर्तुळाकार स्पीकर ६० पर्यंतही उतरतात. खडखड स्पीकरची नसून दाराच्या पत्र्याचीच असेल तर आकडे बदलून ती जाणार नाही. पत्र्यावर कंप शोषणारे जाड पट्टे चिकटवून घ्यावेत. माझ्या मते सबवूफरपेक्षा हा खर्च आधी करावा, पण दुकानदार हे सहसा सुचवीत नाहीत.

आता सबवूफर. येथे जगभर ८० हा आकडा प्रिय आहे आणि त्याला सबळ कारण आहे. सुमारे ८० हर्ट्‌झच्या खालचा स्वर कोणत्या दिशेने आला, हे आपल्या कानांना नीट ओळखता येत नाही. त्याच्या लहरीची लांबीच सव्वाचार मीटरच्या वर असते. म्हणून खोके डिकीत असले तरी खालचा स्वर समोरच्या गाण्यात मिसळून जातो. आकडा १२० किंवा १५०वर ठेवला की दिशा कळू लागते. याचा परिणाम ऐकायचा असेल तर इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांचे एखादे विलंबित ख्यालाचे मुद्रण लावावे. खाँसाहेब १९७४मध्ये गेले. परंतु मंद्र सप्तकात ते ज्या निवांतपणे वावरत, तसा वावर विरळाच. काळी एकच्या पट्टीत मंद्र पंचम १०४ हर्ट्‌झच्या जवळ येतो. लो पास १५०वर असेल तर गायक मध्य सप्तकात असताना समोर बसलेला वाटतो, आणि मंद्रात उतरला की त्याचा अर्धा आवाज उठून डिकीत जातो. एवढ्या थोर गायकाला आपल्या मोटारीत अशी ये-जा करावयास लावू नये. आकडा ८०वर आणला की तो जागच्या जागी राहतो.

मोटारीच्या बंदिस्त पोकळीचा आणखी एक गुण असा की, अगदी खालचे स्वर तिच्यात आपोआप फुगतात. लहरीची निम्मी लांबी गाडीच्या आतील लांबीपेक्षा मोठी झाली, म्हणजे साधारणपणे ६०च्या खाली गेले, की ही वाढ सुरू होते. त्यामुळे पुष्कळदा दारांचा हाय पास ८०वर ठेवून सबवूफरचा लो पास ७०वर आणल्यास मेळ अधिक चांगला बसतो. आसनाखाली बसणाऱ्या आठ इंची पातळ सबवूफरचे गणित थोडे वेगळे आहे. तो फार खोल उतरत नाही, म्हणून त्याला ९० ते १०० पर्यंत वर येऊ द्यावे. ज्या खोक्याला हवेसाठी नळी ठेवलेली असते त्याच्या ॲम्प्लिफायरवरील ‘सबसोनिक’ नावाची चाळणी मात्र अवश्य लावावी. नळी ज्या स्वराला जुळविलेली असते त्याच्या खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट सुटतो. २५ ते ३० हर्ट्‌झच्या आसपास ही चाळणी असली की मोठा खर्च टळतो.

मेळ बसला की नाही, हे ओळखण्यास आपल्याजवळ एक अस्सल देशी उपकरण आहे, आणि ते म्हणजे डग्गा. डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकविले की त्याचा स्वर घसरत वर चढतो. ही मींड नेमकी आपल्या सीमेवरून, ७०-८० पासून सव्वाशे-दीडशेपर्यंत, ये-जा करीत असते. वाटणी बरोबर असेल तर घुमारा अखंड, एका दमात चढतो. मध्येच तो बारीक होऊन पुन्हा उमटत असेल तर तेथे खड्डा आहे. मध्येच फुगत असेल तर दोन्ही स्पीकर एकाच जागेवर हक्क सांगत आहेत. मोबाइलवर शुद्ध स्वर काढणारी ॲप्स मिळतात. ती लावून ५०, ६३, ८०, १००, १२५ असे स्वर क्रमाने ऐकले तरी हाच निकाल हाती येतो. पण एक स्वर दोन मिनिटे ऐकत बसणे कंटाळवाणे असते, आणि तिलवाड्याचा ठेका ऐकणे तसे नसते.

सीमेवरचा खड्डा आकडे बदलूनही बुजत नसेल तर दोष फेजचा असण्याचा संभव आहे. चालकाच्या कानापासून उजव्या दाराचा स्पीकर हातभर अंतरावर असतो, तर डिकीतील खोके दोन-सव्वादोन मीटर मागे. अंतरातील हा दीड मीटरभर फरक ८० हर्ट्‌झच्या लहरीचा एक तृतीयांश हिस्सा होतो. परिणामी दाराचा पडदा हवा ढकलीत असताना सबवूफरचा पडदा कदाचित ती ओढीत असतो आणि दोघे मिळून एकमेकांना खोडून काढतात. त्यासाठी डेकमध्ये किंवा ॲम्प्लिफायरवर ० आणि १८० असा खटका असतो. ८० हर्ट्‌झचा स्वर लावावा, चालकाच्या आसनावर बसावे, दुसऱ्याकडून खटका इकडे-तिकडे करवावा. ज्या बाजूला स्वर भरीव वाटेल ती बाजू खरी. काही डेकमध्ये प्रत्येक स्पीकरपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये भरण्याची सोय असते. मग जवळच्या स्पीकरचा आवाज यंत्र स्वतःच किंचित थांबवून धरते. ही सोय असल्यास टेप घेऊन अंतरे मोजावीत. त्यात पाच मिनिटेही जात नाहीत.

वरच्या सीमेकडे, म्हणजे दार आणि ट्वीटर यांच्या वाटणीकडे, फारच थोडे लोक लक्ष देतात. आपल्या भाषेच्या दृष्टीने मात्र सारी गोम तेथेच आहे. मराठीत च दोन आहेत. चिमणीतला च तालव्य, चोचीतला दंततालव्य. ‘चिमणीची चोच’ एवढे म्हटले की दोन्ही कानी पडतात. ज देखील दोन. जग म्हणजे विश्व आणि ‘शंभर वर्षे जग’ मधला जग, लिहिण्यात एकच, उच्चारात वेगळे. हिंदीत हा भेद नाही, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या मुलांच्या तोंडून तो हळूहळू पुसला जात आहे. हैदराबादच्या वाचकांना तेलुगूमुळे तो शेजारीपाजारी तरी ऐकू येतो. या दोन उच्चारांतील फरक ध्वनीच्या भाषेत असा सांगता येतो: तालव्य चमध्ये ‘श’सारखा घर्षणध्वनी असतो, तो सुमारे अडीच हजार हर्ट्‌झपासून सुरू होतो, दंततालव्य चमध्ये ‘स’सारखा सीत्कार असतो आणि त्याचा जोर चार हजारांच्या वर असतो. हा वरचा पट्टा मोटारीत नीट वाजला नाही, तर दोन्ही च सारखेच ऐकू येतात.

आणि तो पुष्कळदा वाजत नाही. स्वस्त ट्वीटरच्या तारेत एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. जुने रेडिओवाले त्याला कंडेन्सर म्हणत. तोच त्या ट्वीटरचा हाय पास. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर सीमा ४,००० हर्ट्‌झला येते, ४.७चा असेल तर ती साडेआठ हजारांच्या जवळ सरकते. इकडे दारातील मोठा स्पीकर पायांशी, पोटरीकडे तोंड करून बसविलेला. त्याचे वरचे स्वर कानापर्यंत येईतो विरून जातात. मधल्या चार ते आठ हजारांच्या पट्ट्याचा वाली कोणीच नाही, आणि आपला दंततालव्य च नेमका तेथेच राहतो. म्हणून ट्वीटर निवडताना कपॅसिटरवरील आकडा पाहावा. दार आणि ट्वीटर जोडीने मिळणाऱ्या संचात क्रॉसओव्हरची तयार डबी येते. ती बहुधा तीन-चार हजारांच्या आसपास नीट जुळविलेली असते, तिला शक्यतो हात लावू नये. डेकमधूनच ही सीमा ठरवायची असेल तर एक इंची रेशमी घुमटाच्या ट्वीटरला ३,००० ते ४,००० यांच्या दरम्यान ठेवावे. आवाज अधिक स्पष्ट होईल या आशेने दीड-दोन हजारांपर्यंत खाली आणू नये, तो जळतो. कपॅसिटर अजिबात काढून टाकणे हाही त्याच वाटेचा उपाय.

पारख अगदी सोपी आहे. एखादे मराठी गाणे किंवा कथाकथन लावून मागच्या आसनावरील मुलाला ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारावयास सांगावेत. ते मूल चोचीचा च चिमणीसारखा म्हणू लागले, तर तो दोष त्याच्या जिभेचा ठरविण्यापूर्वी ट्वीटरकडे पाहावे.

शब्द बुडण्याचे दुसरे कारण सबवूफरची पातळी. खालचे जोरदार स्वर आपल्या वरच्या स्वरांना कानातल्या कानात झाकून टाकतात. वरचे स्वर खालच्यांना तितके झाकू शकत नाहीत. हा कानाच्या रचनेचाच धर्म आहे आणि वेगेल व लेन यांनी तो १९२४मध्ये मोजून दाखविला होता. म्हणून सबवूफरचे गेन शून्यावरून हळूहळू वाढवावे आणि ‘सबवूफर वाजतो आहे’ असे लक्षात येताच किंचित मागे आणावे. तो बंद केल्यावर उणीव भासावी, चालू असताना मात्र त्याची जाणीव होऊ नये. उभ्या गाडीत जुळविलेली पातळी रस्त्यावर थोडी कमी वाटेल, कारण चाकांची घरघर खालच्याच स्वरांची असते. तेव्हा शेवटचा हात चालत्या गाडीत फिरवावा, आणि तो शेजारी बसलेल्याने, चालकाने नव्हे.

आवाजाच्या एकूण मापाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. अमेरिकेतील नायॉश या संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचविली आहे, आणि दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. ९४ला एक तास, १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. काचा बंद करून हौसेने लावलेल्या मोटारीत १०० डेसिबल गाठणे मुळीच कठीण नाही. छोट्या गाडीत मागचे आसन आणि खोके यांच्यात वीतभरही अंतर नसते, आणि तेथे बसणारी बहुधा लहान मुले असतात. रस्त्यावरच्या लोकांचाही विचार कायद्याने केलेला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. खालचे स्वर पत्रा आणि काच सहज ओलांडतात. गाणाऱ्याचा आवाज आत राहतो आणि शेजाऱ्यांना नुसते ठोके ऐकू जातात.

जुन्या नाट्यपदांच्या शौकिनांसाठी एक सूचना. १९२५च्या आधीची मुद्रणे भोंग्यासमोर गाऊन, विजेच्या साहाय्याविना केलेली आहेत. त्यांत अंदाजे २५० ते २,५०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातील स्वर उतरले आहेत. बालगंधर्वांच्या आरंभीच्या तबकड्या या प्रकारातल्या. अशा मुद्रणात सबवूफरला वाजविण्यासारखे काहीच नसते. तो वाजला तर तबकडी फिरण्याची घरघर तेवढी मोठी करून ऐकवितो. ही पदे लावताना सबवूफर सरळ बंद करावा. क्रॉसओव्हर जुळविण्यासाठी ही मुद्रणे वापरू नयेत हे ओघानेच आले.

सर्व जुळले की आकडे एका चिठ्ठीवर उतरवून ठेवावेत: दारांचा हाय पास ८०, उतार बारा, सबवूफरचा लो पास ७०, उतार चोवीस, फेज १८०, सबवूफरची पातळी उणे तीन. गाडी दुरुस्तीस गेली आणि बॅटरीची तार काढली गेली की काही डेकमधील सारी मांडणी पुसली जाते, आणि कारखान्यातील मुले परत देताना आपल्या आवडीने बास वाढवून ठेवतात. चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे परतीच्या वाटेवरच पाच मिनिटांत गाणे पुन्हा जागेवर आणता येते.